सगळं नीट आहे, मग बरं का वाटत नाही?

वाचकाचं पत्र

मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. डोंबिवली पूर्वेला राहते, फोर्टमध्ये एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मिस्टर ठाण्याला नोकरी करतात, मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. घरी सासूबाई असतात, वय अठ्ठ्याहत्तर. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलं आहे. रडावं असं काही नाही, तरी गेलं दीड वर्ष कशातच मजा वाटत नाही.

सकाळी सव्वापाचला उठते. डबे, सासूबाईंचा नाश्ता, मग ट्रेन. घरी यायला आठ वाजतात. पर्स ठेवली की थेट ओट्यापाशी. जेवणं, आवराआवर, उद्याची भाजी चिरून ठेवणं. साडेदहाला अंथरुणावर पडते आणि पावणेबारापर्यंत मोबाइल बघते. दिवसभरातला तेवढाच वेळ माझा असतो. सासूबाई दिवसभर एकट्या असतात, पण रात्री त्यांच्याशी दोन शब्द बोलायचंही त्राण उरत नाही. त्याचंही वाईट वाटतं.

जानेवारीत ठरवून पाच सवयी सुरू केल्या. साडेचारला उठणं, गरम पाणी आणि लिंबू, अ‍ॅप लावून वीस मिनिटं ध्यान, वहीत रोज पाच गोष्टींबद्दल कृतज्ञता, आणि दिवसाला दहा हजार पावलं. तीन आठवडेही टिकलं नाही. आता ती वही कपाटात दिसली तरी अपराधी वाटतं. पूर्वी आमचा ७:४२ च्या लोकलचा ग्रुप होता, तेव्हा प्रवास कधी जड गेला नाही. लॉकडाउननंतर तो फुटला. माझी ऑफिसची वेळ बदलली. आता ८:०६ ने जाते, कानात इअरफोन घालून. मिस्टरांना काही सांगितलं तर म्हणतात, ‘सुख दुखतंय तुला.’

रोज पाळता येतील अशा साध्या सवयींची यादी द्याल का? फ्रिजवर लावीन.

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

नमस्कार,

यादी मी देणार नाही. पाच सवयी सुटल्याचं ओझं तुम्ही अजून वागवता आहात. आणखी आठ-दहा ओळी फ्रिजवर चिकटवल्या, तर दूध काढायला दार उघडताना रोज त्याच तुम्हाला जाब विचारतील. त्यापेक्षा तुमचाच दिवस समोर ठेवू. तुम्ही तो इतका नेमका लिहिला आहे की माझं निम्मं काम झालं.

आधी झोपेचा हिशेब. पावणेबारा ते सव्वापाच म्हणजे साडेपाच तास. जानेवारीत साडेचारला उठायला लागलात, तेव्हा पावणेपाच तासच उरले. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, यावर झोपेचे तज्ज्ञ एकमताने बोलतात. म्हणजे ध्यान, लिंबूपाणी आणि कृतज्ञता या तिन्ही गोष्टी तुम्ही आधीच उपाशी असलेल्या झोपेतून काढून घेतल्या. तेवढे दिवस निघाले हेच नवल. यात इच्छाशक्ती कमी पडली असं मला अजिबात वाटत नाही. त्या पाच सवयी कोणत्या तरी मोकळ्या सकाळच्या माणसासाठी होत्या, आणि तुमची सकाळ मोकळी नाही.

दुसरी गोष्ट मी सवयींच्या आधी सांगते, कारण ती राहून गेली तर पुढचं सगळं वाया जाईल. सत्तेचाळीस वर्षं आणि दीड वर्ष कशात मन नाही, हे ऐकल्यावर आधी डॉक्टरांकडे जा. पाळी जाण्याच्या आसपासची ही वर्षं असतात. त्या काळात झोप तुटते, चिडचिड होते, मन उगाच खाली बसतं, आणि बाई समजत राहते की आपणच कुरकुऱ्या झालो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून करून घ्या. यातलं एखादं कमी असेल तर कुठल्याही वहीने ते भरून निघत नाही. आणि उदासी दोन-दोन आठवडे हटतच नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर सल्ल्याच्या सदराची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर लावला की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, मराठीतही, पैसे लागत नाहीत. हे तुम्हाला लागू आहे असं मी म्हणत नाही. पत्रातून तसं जाणवलंही नाही. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागू असेल.

आता ते पावणेबारापर्यंतचं मोबाइल बघणं. सगळे सांगतील की ते बंद करा. मला तुमचं त्या खालचं वाक्य महत्त्वाचं वाटलं: ‘दिवसभरातला तेवढाच वेळ माझा असतो.’ दिवसभर दुसऱ्यांच्या घड्याळावर चालणारी बाई रात्री आपला हक्काचा तास वसूल करते. त्याची किंमत झोपेतून जाते, तरी ती करते, कारण तेवढाही सोडला तर तिच्याकडे काहीच उरत नाही. म्हणून मोबाइल बाजूला ठेवायचा उपदेश आजवर तुमच्या उपयोगी पडला नसणार. हा वेळ काढून घ्यायचा नाही, तो अलीकडे आणायचा.

घरी पोचता आठ वाजता. पर्स ठेवून थेट ओट्याकडे जाता, तिथे पंधरा मिनिटं थांबा. हातपाय धुवा, घरचे कपडे घाला आणि खोलीचं दार लोटून बसा. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. काही न करता पडून राहा, गाणी ऐका, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाला. चहा मात्र नको. कॅफीनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायलाच साधारण पाच तास लागतात, आणि मग साडेदहाला झोप येत नाही. ताक घ्या, कोकम सरबत घ्या. ही पंधरा मिनिटं रोज मिळू लागली की रात्रीचा हट्ट आपोआप थोडा सैल होतो. मग मोबाइल चार्जिंगला लावायची जागा उशाकडून हॉलमध्ये न्यायची. गजरासाठी स्टेशनबाहेर मिळणारं साधं घड्याळ पुरतं. पावणेबाराचे अकरा झाले तरी आठवड्याला पाच तासांच्या वर झोप वाढते. यासाठी पहाटे लवकर उठावं लागत नाही आणि लिंबूही पिळावं लागत नाही.

त्या पंधरा मिनिटांत कुकर कोण लावणार, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. त्याकडे शेवटी येते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त जिथे थांबावंसं वाटलं ती जागा म्हणजे ७:४२. तुम्ही ते एका ओळीत उरकलं, पण तुमच्या दुखण्याचं मूळ बरंचसं तिथे आहे असं मला वाटतं.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहायला सांगितला होता. कोणत्या वेळी काय करत होतात, कुणाबरोबर होतात, कसं वाटत होतं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. दिवसभरातल्या सगळ्या कामांत सकाळी कामावर जायचा प्रवास सगळ्यात तळाला होता. स्वयंपाक, साफसफाई त्याच्याही वर. आणि वरच्या बाजूला काय होतं? आपल्या माणसांबरोबर घालवलेला वेळ. आता बघा, तुमच्या ७:४२ ने नेमका हा तळातला वेळ उचलून वरच्या खणात ठेवला होता. तोच रेल्वेमार्ग, तीच गर्दी, दिवा स्टेशनला तेच थांबणं. फरक एवढाच की शेजारी ओळखीचं कुणी होतं.

मुंबईच्या लेडीज डब्यात जे चालतं त्याला आनंदाच्या सवयी असं नाव कुणी दिलं नाही, म्हणून आपण ते मोजत नाही. नवरात्रात नऊ दिवस ठरलेल्या रंगाच्या साड्या आणि ड्रेस. संक्रांतीला धावत्या गाडीत हळदीकुंकू आणि तिळगुळाच्या पुड्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या माळांनी सजलेला डबा. कुणाचं डोहाळजेवण, कुणाच्या मुलीच्या दहावीचे पेढे, कुणी कुर्ल्याला उतरणार म्हणून आधीच सांगून ठेवलेली सीट. मांडीवर वर्तमानपत्र पसरून निवडलेली मेथी, आणि निवडता निवडता ऐकलेलं कुणाचं तरी सासरचं दुःख. फक्त महिलांसाठीची पहिली लोकल ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली. ती सुरक्षिततेसाठी आणि गर्दीसाठी सुरू झाली, पण बायकांनी तिथे आपली अख्खी वाडी वसवली. तुमच्याकडे हे सगळं होतं. ते गेलं, आणि ते गेल्याचं दुःख कुणी विचारलं नाही, कारण रेल्वेतल्या मैत्रिणींना नात्याच्या यादीत जागा नसते. नवऱ्याला सांगायचं तरी काय, तिघींच्या बाकावर सरकून मिळणारी ‘माझी चौथी सीट गेली’?

हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. तीच माणसं, त्यांची तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतची आयुष्यं, पुढे त्यांची मुलंबाळंही. या मंडळींना इतकी वर्षं जवळून बघितल्यावर अभ्यासकांना सगळ्यात ठळक दिसलेली गोष्ट अशी की, माणसाचं मन आणि शरीर दोन्ही चांगलं राहण्यात माणसांशी असलेल्या उबदार नात्यांचा वाटा फार मोठा असतो. पैसा, हुद्दा यांचा त्या मानाने कमी. तुमच्या जानेवारीच्या पाच सवयी आता पुन्हा वाचा. उठणं, पिणं, बसणं, लिहिणं, चालणं. पाचही एकटीने करायच्या. एकीतही दुसरं माणूस नाही. दिवसभर एकटं पडलेल्या मनाला आणखी एकांत दिला, मग ते फुलणार कसं?

तेव्हा मला विचाराल तर सुरुवात इथून करा. जुन्या ग्रुपमधल्या एकीला या रविवारी फोन करा. मेसेज नको, फोनच. इतक्या वर्षांनी अचानक कसा करायचा, तिला काय वाटेल, हा संकोच मला माहीत आहे, आणि तो जवळपास सगळ्यांनाच असतो. २०२२ मध्ये या विषयावर एक मोठा अभ्यास झाला, साडेपाच हजारांहून जास्त लोकांवर. जुन्या ओळखीच्या माणसाने सहज म्हणून आठवण काढली, तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज आपण दर वेळी कमीच धरतो, असं त्यात दिसलं. आणि फोन जितका अनपेक्षित, तितका समोरच्याचा आनंद जास्त. बोलायला विषय नको. ‘काल ट्रेनमध्ये कुणीतरी आवळासुपारी पुढे केली, तुझी आठवण झाली’ एवढं पुरे.

सगळा ग्रुप पुन्हा जमेल असं मी म्हणत नाही. कुणी निवृत्त झाली असेल, कुणाचं ऑफिस घरून असेल, कुणी बदलापूरला राहायला गेली असेल. पण ८:०६ मध्येही माणसंच आहेत. आठवड्यातले तीन दिवस ठरवून एकाच डब्यात, एकाच दाराने चढा. चेहरे आधी ओळखीचे होतात, मग नावं कळतात. त्या तीन दिवशी इअरफोन पर्समध्ये राहू द्या. शिकागोच्या लोकल गाड्यांमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, २०१४ मध्ये तो छापून आला. काही प्रवाशांना सांगितलं की शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला, काहींना सांगितलं की गप्प बसा, काहींना म्हटलं की रोजच्यासारखा प्रवास करा. इतरांना नुसतं विचारलं, तेव्हा त्यांनी गप्प बसण्यातच सुख आहे असा अंदाज बांधला. झालं उलटं. जे बोलले त्यांचा प्रवास सगळ्यात चांगला गेला. शिकागोच्या गाडीत बसायला जागा मिळते आणि आपल्याकडे श्वास घ्यायला मिळाली तरी पुष्कळ, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे बोलायला निमित्तं जास्त. ‘आज लेट आहे का हो?’ यावर आजवर किती मैत्र्या उभ्या राहिल्या असतील, देवालाच ठाऊक.

उरलेल्या दोन दिवशी खुशाल डोळे मिटून गाणी ऐका. रोज गप्पा मारल्याच पाहिजेत असा नेम केलात, तर तीही सहावी सवय होऊन बसेल.

आता त्या वहीबद्दल. कृतज्ञता लिहिण्याने बरं वाटतं हे खोटं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी ज्याचा दाखला लोक नेहमी देतात, त्यात मंडळींनी आठवड्यातून एकदा लिहिलं होतं, दहा आठवडे. रोज पाच ओळींचा दंडक त्या प्रयोगात नव्हता. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोज लिहायला बसलं की मन शोधाशोध करतं, मग ‘घर आहे, नोकरी आहे, तब्येत आहे’ अशी हजेरी लागते. त्यात जीव राहत नाही. वही अपराधासारखी वाटत असेल तर रद्दीत द्या. त्याऐवजी आपल्या घरांमध्ये जे फार कमी होतं ते करा. ज्याचं बरं वाटलं, ते त्या माणसाला तोंडाने सांगा. घरच्यांना ‘थँक्यू’ म्हणायची आपली पद्धत नाही, ते उपरं वाटतं, आणि म्हणायची गरजही नाही. ‘आई, तुम्ही लसूण सोलून ठेवला होता म्हणून सकाळी दहा मिनिटं वाचली माझी.’ असं बारीक, नेमकं वाक्य. ऐकणाऱ्याचा दिवस त्याने बदलतो आणि बोलणाऱ्याचाही.

सासूबाईंवरून आठवलं. त्यांच्याशी बोलायला रात्री त्राण उरत नाही याचा अपराध मनात ठेवू नका, साडेदहाला कुणालाच उरत नाही. पण उद्याची भाजी तुम्ही एकट्या उभ्या राहून चिरता. ती डायनिंग टेबलावर आणा आणि मटार, गवार, मेथी जे असेल ते त्यांच्यापुढे ठेवा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दिवसभर टीव्हीसमोर बसलेल्या बाईला आपल्या हातांचा घराला उपयोग आहे हे कळणं, हे तुमच्या चौकशीपेक्षा मोठं असतं. हात चालू असले की बोलणं आपोआप निघतं. वीस मिनिटांत त्यांचं माहेर, त्यांच्या वेळची डोंबिवली, पाण्यासाठी लावलेली रांग असं काय काय बाहेर येईल. त्यांना गुडघ्यामुळे किंवा नजरेमुळे जमत नसेल तर नुसत्या जवळ बसू देत.

संध्याकाळी स्टेशनबाहेर गजरेवाली बसते. अधूनमधून दोन गजरे घ्या, एक तुमचा, एक त्यांचा. हे मी भाबडेपणाने सांगत नाही. व्हँकूव्हरमध्ये लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले. निम्म्यांनी ते स्वतःवर खर्च करायचे होते, निम्म्यांनी दुसऱ्यावर. एलिझाबेथ डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग, २००८ चा. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश होते, आणि पाच की वीस याने काही फरक पडला नाही. म्हणजे गजऱ्याएवढे पैसे पुरतात. मुलाला पुण्याला काहीतरी कुरियर करा, चिवड्याची पिशवीसुद्धा चालेल.

दहा हजार पावलांचं दडपण तर आजच काढून टाका. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ मध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावात तो होता, तिथून तो जगभर गेला. २०१९ मध्ये सोळा हजारांहून जास्त वयस्क अमेरिकन बायकांवरचा एक अभ्यास आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण पुष्कळ कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. तुम्ही डोंबिवलीचा जिना चढता, सीएसएमटीहून फोर्टपर्यंत जाता, परत येता. तुमची चार-साडेचार हजार पावलं बहुधा तिथेच होतात. एकच बदल सुचवते. संध्याकाळी ऑफिसमधून स्टेशनला जाताना मोबाइल पर्समध्ये ठेवून चाला आणि इकडेतिकडे बघा. फोर्टसारखा भाग रोजच्या रस्त्यावर असणं हे भाग्य आहे. दगडी इमारतींच्या कमानी, हुतात्मा चौकातलं कारंजं, फुटपाथवरची पुस्तकं, पावसाळ्याआधी फुललेला गुलमोहर. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनिएल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये सव्वादोन हजार माणसांना दिवसभरात मधूनच विचारून पाहिलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. जवळपास निम्म्या वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि तसं असताना माणसं कमी सुखी होती. तुम्ही ज्यासाठी अ‍ॅप लावून डोळे मिटत होता, ते डोळे उघडे ठेवून चालतानाही होतं.

हे सगळं एकदम सुरू करू नका, ही माझी कळकळीची विनंती. आठची पंधरा मिनिटं आणि रविवारचा फोन, सध्या एवढंच. बाकीचं महिन्या-दोन महिन्यांनी बघा, किंवा बघूही नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवय लागायला किती दिवस लागतात ते ९६ जणांवर मोजलं होतं. प्रत्येकाने एकच गोष्ट निवडली होती आणि ती रोजच्या ठरलेल्या वेळेला जोडली होती, जसं नाश्त्यानंतर किंवा जेवणाआधी. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ लागले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. लोक एकवीस दिवसांचा दाखला देतात आणि बाविसाव्या दिवशी स्वतःला नापास करतात. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मधला एखादा दिवस चुकला तर काही बिघडत नाही. पाहुणे आले, मेगाब्लॉक असला, पाऊस कोसळला आणि कुर्ल्याला पाणी भरलं, तर तो दिवस सोडून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पर्स ठेवल्यावर पुन्हा खोलीत.

आता कुकर, आणि ‘सुख दुखतंय’.

तुमच्या मिस्टरांना मी वाईट ठरवत नाही. घर झालं, कर्ज फिटलं, मुलगा मार्गी लागला, म्हणजे आपण संसार चांगला केला, असा त्यांचा हिशेब असणार. त्यात तुम्ही ‘मजा वाटत नाही’ म्हटलंत की त्यांना तो आपल्यावरचा ठपका वाटतो, आणि मग ते थट्टेवारी नेतात. म्हणून त्यांच्याशी आनंदाबद्दल बोलू नका, मिनिटांबद्दल बोला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ८८. तुमच्या घरात हा आकडा काय आहे, ते एका संध्याकाळी दोघांनी बसून लिहून काढा. भांडणासाठी नाही, खरंच बघण्यासाठी. ठाण्याहून ते तुमच्या आधी घरी पोचत असणार. मग डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावणं आणि दोन ताटं-वाट्या काढणं हे त्यांच्याकडे जायला हवं. सांगताना मागू नका, ठरलं असं सांगा. ‘उद्यापासून आठ ते सव्वाआठ मी खोलीत असेन, कुकर तुम्ही लावायचा.’ पाण्याचं माप एकदाच दाखवा. पहिल्या आठवड्यात भात गिचका होईल किंवा डाळ शिजायची राहील. सासूबाई आतून हाक मारतील, ‘अगं, शिट्ट्या किती झाल्या बघ.’ तुम्ही मात्र खोलीतून उठून जाऊ नका.